पहिल्या पाच गोळ्या

३ मार्च

बारक्या,

आठ वर्षांनी पत्र लिहितेय आणि तेही बंदुकीबद्दल, म्हणून लगेच कपाळाला आठ्या घालू नकोस. आधी पूर्ण वाच. फाडायचंच असेल तर नंतर फाड, कागद पातळच आहे.

तुझी जुनी बंदूक कपाटातून बाहेर निघालीय. मी नाही काढली. मी डोळे दाखवायला गेले होते, त्या दिवशी नेमबाजी क्लबच्या सेक्रेटरींनी काढली आणि एका नव्या मेंबरला वापरायला दिली. दातांच्या डॉक्टरीणबाई आहेत. चाळिशीच्या, बोलायला मोकळ्या. दिवसभर लोकांच्या दाढा उपटतात आणि संध्याकाळी रेंजवर येतात. पहिल्या दहा गोळ्या अशा मारतात की नाना खुर्चीतून मान उंच करून बघतात. मग गोळ्या चढायला लागतात. वर आणि उजवीकडे. बाई तोंड एवढंसं करून म्हणतात, "माझंच काहीतरी चुकतंय हो."

नानांनी मला बंदूक बेंचवर लावायला सांगितलीय. पाच एप्रिलला बाईंची पहिली मॅच आहे, त्याआधी निकाल हवा. पुढे वाळूची पिशवी, मागे वाळूची पिशवी, माणसानं फक्त चाप ओढायचा. तरी गोळ्या भरकटल्या तर दोष बंदुकीचा, नाही भरकटल्या तर हाताचा. हे तुला सांगायची गरज नाही, पण नाना अजून प्रत्येक नव्या माणसाला हे याच शब्दांत ऐकवतात, त्यामुळे माझ्याही तोंडात बसलंय. कागदाच्या कोपऱ्यात एकच शब्द लिहायचा, 'बंदूक' किंवा 'हात', खाली नानांची सही, आणि कागद आठवडाभर ऑफिसातल्या खिळ्याला. काहीही बदललेलं नाही. खिळा तेवढा गंजलाय.

तर मी लावून बघितली. माझ्याही गोळ्या चढतायत. पण डाव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरतोय, खांदा दुखतो, तेव्हा माझ्यावर किती भरवसा ठेवायचा ते माझं मलाच कळत नाही. बेंचवर तुझ्याइतकं बारीक कुणी बघायचं नाही. काय काय तपासू, कुठल्या क्रमानं, तेवढं लिहून पाठव.

नाना बरे आहेत. गुडघे गेले, बोटं वाकली, आवाज तेवढा शाबूत आहे. तुझं, पोटच्या पोराचं, नाव काढत नाहीत. मीही काढत नाही. दोघं समोरासमोर बसून जेवतो आणि मीठ पुढे करतो, झालं.

वहिनीचं पत्र आलं होतं जानेवारीत, मुलगी झाल्याचं. फोटो गोड आहे, नाक आपल्याकडचं गेलंय, त्याला इलाज नाही. वहिनीनं लिहिलंय की तू पोरीला उभ्यानं कधी घेत नाहीस, आधी खाली बसतोस आणि मग तिला मांडीवर दे म्हणतोस. बाप झालास तरी आळस गेला नाही म्हणायचा!

ताई

१४ मार्च

बारक्या,

तुझी यादी मिळाली. सात कलमं, वर मायना नाही, खाली सही नाही. किराणा दुकानदारसुद्धा चिठ्ठीत याहून गोड लिहितो. तरी आलं हे खूप झालं. पाकिटावरचं अक्षर बघूनच मी जिन्यात बसले.

म्हटलंस तसं सगळं केलं. आधी बेंच. तू लिहिलंस ते खरं निघालं, मागचा डावा पाय डुगडुगत होता. इतकी वर्षं आम्ही त्याच्यावर बसून दुसऱ्यांचे दोष काढत होतो. पत्र्याचा तुकडा सारला, आता हलत नाही. मग पुढची पिशवी. तिच्यावर नळी टेकत नव्हती, बंदुकीचं लाकूडच टेकत होतं, पण पट्टा अडकवायची कडी गोळी सुटली की पिशवीला घासत होती. पिशवी दोन बोटं मागे घेतली. मागच्या पिशवीला मी गालानं दाबत होते, ती सवय तू ओळखलीस, तिथे बसून कशी ओळखलीस देव जाणे. आता डाव्या हातानं पिशवी चिमटीत धरते आणि बारीक फरक तिथूनच करते, गाल नुसता टेकवते. श्वास अर्धा सोडून थांबायचं, चाप बोटाच्या टोकानं ओढायचा आणि गोळी सुटल्यावर मनात दोन म्हणेपर्यंत बोट उचलायचं नाही. हे मी शंभर जणांना शिकवलं असेल. स्वतः दोन म्हणतच नव्हते. एक म्हणून उठून कागदाकडे बघायला धावत होते.

गोळ्या एकाच खोक्यातल्या घेतल्या. वाऱ्याच्या पट्ट्या सरळ लोंबत असतील तेव्हाच मारल्या. दुर्बिणीचे स्क्रूही बघितले, घट्ट आहेत.

आता पहिल्या पाच गोळ्या शर्टाच्या बटणाखाली झाकल्या जातात. या वयात, एवढ्या वर्षांनी! सेक्रेटरी म्हणाले, "ताई, मॅचला उतरता का?" मी म्हटलं, "आधी जिना उतरू दे, मग बघू." पण अकराव्या गोळीपासून पुन्हा तेच. वर आणि उजवीकडे. म्हणजे तुझ्या यादीनं माझा नेम सुधारला, बंदूक होती तिथेच आहे.

डॉक्टरीणबाई परवा माझ्यासोबत चहा पीत बसल्या होत्या. म्हणाल्या, "ताई, एक विचारू? हात बिघडायला लागतो तो हळूहळू की एकदम?"

म्हटलं, "का हो?"

"काल अक्कलदाढ काढताना मध्येच थांबले मी. स्वतःच्या हाताकडे बघत बसले. पेशंट आ वासून माझ्याकडे बघतोय. वीस वर्षांत असं झालं नव्हतं."

"रेंजवरचं रेंजवर ठेवा," मी म्हटलं.

"ठेवायचं म्हणते हो. पण हात तर तोच आहे ना?"

मी कप उचलले आणि धुवायला गेले. दुसरं काय करणार होते?

तुझ्या यादीच्या शेवटी एक ओळ आहे, 'हात कच्चा असलेल्या माणसाला का विचारतेस?' तिचं उत्तर आज देत नाही. थकलेय. खांदा ठणकतोय.

ताई

२१ मार्च

बारक्या,

तुझं कार्ड आलं. 'सहावं केलंस का?' एवढंच. एवढ्याशा ओळीसाठी तू पोस्टापर्यंत चालत गेलास.

नव्हतं केलं. आज केलं. वीस गोळ्या मारल्या, नळी गरम असतानाच कागदाची पट्टी नळी आणि लाकूड यांच्यामधून सरकवली. नळी लाकडाला कुठे शिवायला नको, पट्टी मागपर्यंत सुळकन जायला हवी. माझी पट्टी शेंड्यापासून चार बोटांवर अडली. डाव्या बाजूला, खालून. स्क्रू सोडून नळी बाहेर काढली. लाकडाच्या खाचेत वॉर्निशचा एक ओघळ सुकून बसलाय. मसुराच्या डाळीएवढा. नळी गार असते तोवर केसाएवढी फट राहते, तापली की टेकते, आणि टेकली की प्रत्येक गोळीला ढुशी देते.

हे वॉर्निश माझं आहे. तुझ्या निवडीच्या मॅचआधी दोन दिवस मी लाकडाला हात दिला होता, आठवतं? कुणी सांगितलं नव्हतं. तुझी बंदूक सगळ्यांत देखणी दिसावी म्हणून. तू चकाकी बघून माझ्या पाठीत गुद्दा घातला होतास आणि म्हणाला होतास, "ताई, आता तर आरशात बघून भांग पाडता येईल." नानांची शिस्त अशी की लाकडाला काही लावलं की नळी काढून खाच पुसायची. मी घाईत नळी न काढताच लावलं. आत ओघळ गेला असेल हे डोक्यातच आलं नाही.

तेव्हा दोष बंदुकीचा होता. आज सापडला. तुला कळवणं माझं काम होतं, कळवलं.

ताई

२२ मार्च

बारक्या,

कालच्या पत्रात मी एक शब्द खोटा लिहिला. 'आज'.

पत्र सकाळी पेटीत टाकून घरी आले, भात लावला, तो करपला, नाना तोच जेवले. त्यांच्यासमोर बसवेना म्हणून परत रेंजवर येऊन लिहितेय. आता हातचं राखून लिहायला बळ उरलेलं नाही.

तुझी मॅच झाली त्याच्या दुसऱ्या दिवशीचं सांगते. साठ गोळ्यांपैकी पहिल्या दहा तुझ्या मधोमध होत्या. मग चढत गेल्या आणि दोन गुणांनी तुझी निवड हुकली. तू सगळ्यांसमोर नानांना म्हणालास, "नाना, बंदूक चढतेय, माझं नाही काही." नाना म्हणाले, "ताईनं बसवलेली बंदूक आहे ती. हात कच्चा असला की माणूस बंदुकीला नावं ठेवतो." तरी नियम म्हणून सकाळी बेंचवर लावायचं ठरलं. ज्याची तक्रार त्यानं जवळ यायचं नाही, म्हणून तू ऑफिसात. नानांचा गुडघा सुजलेला, तेही तुझ्यासमोर खुर्चीत. बेंचवर मी एकटी.

नियमाप्रमाणे मी चार कागद मारले. पाच, पाच, पाच, पाच. पहिल्या कागदावर पाच गोळ्यांचं मिळून एकच भोक. दुसऱ्यावर भोक रुंदावलं. तिसऱ्यावर गोळ्या चढल्या. चौथ्यावर त्या दोन बोटं वर होत्या, उजवीकडे. मी तिथेच पट्टी सरकवून बघितली होती. ती तेव्हाही चार बोटांवरच अडली होती.

म्हणजे मला त्याच सकाळी, दहा वाजायच्या आत, सगळं कळलं होतं.

आणि मी पहिला कागद हातात घेऊन ऑफिसात आले. बाकीचे तीन घडी करून ब्लाउजमध्ये खोचले. नानांनी पहिला कागद बघितला, 'हात' लिहिलं, सही केली, खिळ्याला लावला. तू उठून त्याच्यासमोर उभा राहिलास. मग माझ्याकडे वळून म्हणालास, "तू मारल्यास ना या?" मी म्हटलं, "हो." तू म्हणालास, "मग बरोबर आहे." त्या आठवड्यात तू घर सोडलंस.

नानांचं बोलणं तुला कधीच फारसं लागत नव्हतं, ते रोज कुणाला ना कुणाला बोलायचे. तुझा विश्वास माझ्यावर होता. तू माझं ऐकून गेलास.

का केलं विचारशील. तुझ्यासाठी कारणं जमवत बसले तर खूप मिळतील. नानांनी कमिटीपुढे त्याच आठवड्यात शब्द टाकला होता की बंदुकांची देखरेख ताईकडे द्या, तिच्या हातून चूक होत नाही. ते एक. घाबरले, ते दुसरं. पण खरं ऐकायचं असेल तर, मला वाटलं, एकदा तरी चूक तुझी असू दे. लहानपणापासून निशाणा तुझा, कौतुक तुझं, आणि तेल-चिंध्या माझ्या. एकदा. मला वाटलं दोन दिवस रुसशील, पुढच्या वर्षी पुन्हा उतरशील, तोवर मी ओघळ घासून टाकीन. दहा मिनिटांचं काम. तू जाशील असं मला वाटलं नव्हतं. आणि तू गेल्यावर त्या लाकडाला हात लावायची माझी हिंमत झाली नाही. बंदूक कपाटात ठेवली आणि किल्ली गळ्यात घातली. डोळ्यांचा डॉक्टर तपासताना गळ्यातलं काढायला लावतो, म्हणून त्या दिवशी निघताना ती किल्ली ऑफिसातल्या टेबलावर काढून ठेवून गेले, आणि सेक्रेटरींना सापडली. आठ वर्षं जपलेली वस्तू अशी गेली.

तीन मार्चला मी सँडपेपर हातात घेऊन बसले होते. घासलं असतं तर बाईंच्या गोळ्या सरळ गेल्या असत्या, कुणाला काही कळलं नसतं, आणि तुला दाखवायलाही काही उरलं नसतं. सँडपेपर ठेवला आणि तुला यादी मागितली. म्हटलं, हा पोरगा शोधून काढेल, मग मला तोंडानं सांगावं लागणार नाही. म्हणून सगळं केलं आणि सहावं तेवढं केलं नाही. इथेही तूच ते माझ्याकडून करवून घेतलंस.

आणि मुलीला उभ्यानं घेत नाहीस ते आळसानं नाही, हातातून सुटेल या भीतीनं, हे मला वहिनीचं पत्र वाचतानाच कळलं होतं. मी त्यावर थट्टा केली. लाज वाटते रे.

नानांना अजून सांगितलेलं नाही. सांगेन. तेवढं झालं की पुन्हा लिहीन.

ताई

२ एप्रिल

बारक्या,

सांगितलं.

दहा दिवस लागले. रोज सकाळी ठरवायचे आणि रोज त्यांना गुडघ्याचं तेल चोळून निघून यायचे. शेवटी काल रेंजवर, ऑफिसात, डॉक्टरीणबाई समोर असतानाच ते तीन कागद टेबलावर ठेवले. घड्यांवर फाटत आलेत, पण भोकं नीट दिसतात. म्हटलं, "नाना, त्या दिवशी मी चार कागद मारले होते."

नानांनी भिंग काढलं. तिन्ही कागद एकेक करून बघितले, पाठीमागची तारीखही बघितली. मग विचारलं, "पहिला कुठाय?"

"तो तुमच्याकडे होता. खिळ्याला."

त्यांनी खालचा खण उघडला. पावत्यांच्या खाली, प्लॅस्टिकच्या पिशवीत, तो कागद होता. आठ वर्षं जपून ठेवलेला. तुझं नाव न काढणाऱ्या माणसानं. चार कागद ओळीनं लावले. मी वाट बघत होते की ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

मग म्हणाले, "बंदूक लाव बेंचवर. माझ्यासमोर. बाई, तुमची तर तक्रारच नव्हती, तुम्हीपण या."

त्यांना खुर्चीसकट बाहेर नेलं. मी वीस गोळ्या मारल्या, प्रत्येक गोळीनंतर मनात दोन म्हणत. पहिला कागद एक भोक, चौथा दोन बोटं वर. अगदी तसंच. नानांनी बाईंच्या निकालाच्या कागदावर वाकड्या बोटांनी स्वतः 'बंदूक' लिहिलं आणि सही केली. बाईंनी तो कागद घेतला, बघितला आणि मला म्हणाल्या, "तुम्हाला माहीत होतं? मी चहा पीत बसले होते तेव्हा?" मी "हो" म्हटलं. त्या उठून गेल्या. पाच तारखेला दुसरी बंदूक घेऊन उतरणार आहेत, माझ्याशी बोलत नाहीत. बरोबरच आहे.

मग तुझा कागद. मी म्हटलं, "नाना, हे 'हात' खोडते."

"खोडू नको," ते म्हणाले. "हातच आहे तो. फक्त कुणाचा ते लिहायचं राहिलंय. लिही."

मी 'हात'च्या पुढे लिहिलं, 'ताईचा'.

नानांनी भिंगातून वाचलं. म्हणाले, "नियम चार कागदांचा आहे. मीच केलेला. बाकीचे तीन मी मागितले का?"

मी पेनाला टोपण लावायला लागले.

"मागितले का?"

"नाही."

"तू आणलास म्हणून मी एकावर सही ठोकली. माझंही लिही."

माझ्यानं लिहवेना. मग त्यांनी पेन घेतलं. दोन शब्दांना किती वेळ लागला असेल! अक्षर तुला लागणार नाही कदाचित, म्हणून सांगते. 'आणि नानांचा' असं आहे ते. खाली कालच्या तारखेची सही.

बंदुकांची देखरेख त्यांनी माझ्याकडून काढून घेतली. किल्ल्या सेक्रेटरींकडे गेल्या. मी आता टार्गेटचे कागद चिकटवते आणि वाळूच्या पिशव्या शिवते, ते मला जमतं. तुझी बंदूक मात्र तशीच आहे. सेक्रेटरी म्हणाले, "दहा मिनिटांत घासून देतो." नाना म्हणाले, "ज्याची आहे तो घासेल. नसेल यायचं त्याला, तर राहू दे तशीच." घरी येताना पहिल्यांदा त्यांनी तुझं नाव घेतलं. मुलीचं नाव काय ठेवलंय, म्हणून विचारलं. मला सांगता आलं नाही, वहिनीनं लिहिलेलं मी विसरले होते. घरी येऊन पत्र शोधून वाचून दाखवलं. दोनदा वाचायला लावलं.

मला माफ कर असं लिहिणार होते, तीन वेळा लिहून खोडलं. आठ वर्षांपुढे ते फार स्वस्त दिसत होतं. रागावायचं तेवढं रागाव, उत्तर नको पाठवूस, मी पोस्टमनची वाट बघणार नाही असं म्हणणार नाही, पण तक्रार करणार नाही.

सोबत चार कागद पाठवतेय. पहिला वर ठेवलाय. वाच, आणि कागद खाली ठेवून मुलीला उभ्यानं उचल. तुझ्या हाताला कधीच काही झालं नव्हतं.

ताई